दिवा ठाम लागेपर्यंत

माझ्या आईला कोणाचं बोलणं मधेच तोडलेलं खपत नाही. घरात दोघांचं वाजलं तरी ती मधे पडत नाही. दोघांचं पूर्ण होऊ देते, मग शांतपणे विचारते, "झालं का?" आणि आपण "झालं" म्हटलं की चहा ठेवायला जाते. लहानपणी मला वाटायचं, हा तिचा स्वभाव आहे. पुढे कळलं की ती तिची नोकरी होती.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. आता एवढंच सांगून भागत नाही, कारण ऐकणारा तरुण असला तर त्याच्या डोळ्यांसमोर कॉल सेंटर येतं. पूर्वी फोन उचलला म्हणून तो आपला आपण कुठे लागत नसे. तुम्ही फोन उचललात की एक्स्चेंजमधल्या एका उंच लाकडी बोर्डावर बारीकसा दिवा लागायचा. बोर्डासमोर बसलेली बाई त्या दिव्याखालच्या भोकात एक दोरी खुपसायची, तुम्हाला नंबर विचारायची आणि त्या दोरीची जोडीदारीण तुम्हाला हव्या त्या नंबराच्या भोकात खुपसायची. लागला फोन. गावातलं प्रत्येक बोलणं, मग ते सोयरिकीचं असो की शिव्यागाळीचं, असं कोणाच्या तरी हातून जायचं. त्यातलं पुष्कळसं माझ्या आईच्या हातून गेलंय.

शाळेला सुट्टी असली आणि घरी कोणी नसलं की ती मला बरोबर न्यायची. एक्स्चेंज दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढतानाच तो आवाज यायचा, बायकांची दबकी कुजबुज आणि मधूनमधून दोऱ्या सुटून खाली जाताना होणारी खडखड. लांबच लांब खोली, एका भिंतीला ओळीने बोर्ड, समोर उंच फिरत्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर हेडफोन लावलेल्या आईच्या मैत्रिणी. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून हातात बिस्कीट द्यायच्या. पण ते चावायचं नाही, चोखायचं, कारण कुरकुर लाइनवर ऐकू जाते, असा मोठ्या बाईंचा हुकूम होता.

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या सुपरवायझर. सगळ्या त्यांना मोठ्या बाईच म्हणायच्या, मग मीही. पायात रबरी तळाच्या चपला घालून त्या खुर्च्यांच्या मागून फेऱ्या मारायच्या. आल्या कधी, गेल्या कधी, कळायचं नाही. कोणी गिऱ्हाइकाशी वैतागून बोललं की मागून खांद्यावर फक्त एक बोट टेकायचं. त्या बोटाला सगळ्या टरकून असायच्या. आईला काम शिकवलं ते त्यांनीच. आणि माझी आजी गेली ती बातमी आईच्याच बोर्डावर आली, तेव्हा तिच्या डोक्यावरचा हेडफोन हलकेच काढून घेतला तोही त्यांनीच. आईला आपल्या खोलीत नेऊन बसवलं आणि तिची उरलेली पाळी स्वतः तिच्या खुर्चीवर बसून काढली. आई हे फार वेळा सांगत नाही. सांगते तेव्हा आवाज बदलतो.

बोर्डाचा एक नियम मात्र मी स्टुलावर बसून पाठ केला होता. दोऱ्यांच्या प्रत्येक जोडीसमोर दोन दिवे. दोघांचं बोलणं चालू असलं की दोन्ही विझलेले. एकाने फोन ठेवला की त्याचा दिवा लागणार, दुसऱ्याने ठेवला की दुसरा. दोन्ही ठाम लागले की मगच दोऱ्या काढायच्या. आणि एखादा लुकलुकायला लागला तर कोणीतरी ऑपरेटरला बोलावतंय, तेव्हा लाइनवर जाऊन विचारायचं. मला हे उलटंपालटं वाटायचं. अंधार म्हणजे बोलणं चालू आणि उजेड म्हणजे संपलं, हे कुठलं गणित? पण आईसाठी ते श्वासासारखं होतं. विझलेल्या दिव्याची दोरी ओढणं म्हणजे कोणाच्या तरी तोंडातला शब्द ओढून काढणं. तिने ते जन्मात केलं नाही.

मग आपोआप लागणारे फोन आले. बोर्ड उतरवले, खोलीत करड्या रंगाची कपाटं उभी राहिली आणि बायकांना तक्रारींच्या टेबलांवर बसवलं. आई निवृत्त होईपर्यंत लोकांच्या बंद फोनच्या तक्रारी ऐकत राहिली. ती वर्षं तिने कशीबशी ढकलली. आजही ती "मी कामावर होते तेव्हा" म्हणते तेव्हा तिला फक्त बोर्डावरची वर्षं अभिप्रेत असतात.

घरात कॉम्प्युटर आला तो तिच्या निवृत्तीनंतर. मधल्या खोलीत, शिवणयंत्र ठेवायचो त्या कोपऱ्यात. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी पेपर वाचतो तेवढं मला पुरे. आई मात्र त्याच्यासमोर अशी बसली जशी काही कोणी तिची खुर्ची तिला परत दिली. स्मार्टफोन घे म्हणून मी तिच्या किती मागे लागले, पण ती आपला बटणांचा फोन सोडायला तयार नाही. म्हणते, "हातात धरून बोलायचं म्हणजे एक हात गेला की. मला दोन्ही हात मोकळे लागतात." म्हणून हेडफोन, त्याला तोंडापाशी येणारा माइक, आणि पाठ ताठ. एवढ्या सरंजामाशिवाय ती कोणाशी व्हिडिओवर बोलत नाही.

आणि तिला बोलायचं असायचं ते एकाच व्यक्तीशी. मोठ्या बाई आता फार म्हाताऱ्या झाल्या आहेत, दूरच्या शहरात मुलगा आणि सून यांच्याकडे असतात. त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला सांगितलं होतं की जे चेहरे नेहमी दिसतात ते जरा जास्त टिकतात. सुनेने ते सहज म्हणून आईच्या कानावर घातलं आणि आईने ते काळजात धरून ठेवलं. दर बुधवारी सकाळी ती बाईंना तोंड दाखवायची. सूनबाई तिकडे मोठ्या पडद्यावर आईला लावून द्यायची. बाई कधी ओळखायच्या, कधी नुसत्या हसायच्या. पण आईने बुधवार चुकवला नाही.

"ज्या आठवड्यात मी दिसणार नाही ना," ती मला एकदा म्हणाली होती, "त्या आठवड्यात मी पुसली जाईन."

तर असं असताना एका बुधवारी कॉम्प्युटरने जाहीर केलं की ब्राउझर जुना झाला, सबब कॉल लागणार नाही. नवा ब्राउझर घ्यावा तर तो म्हणे सिस्टम जुनी. नवी सिस्टम घालावी तर ती म्हणे कॉम्प्युटर जुना.

"म्हणजे हा आता नुसता शोभेचा?" आईने फोनवर मला विचारलं.

मागून बाबांचा आवाज आला. "माझ्यासारखा."

आईला हसू आलं नाही. तो बुधवार गेला, पुढचाही गेला. तिच्या आवाजात मला कापरं ऐकू यायला लागलं तेव्हा मी रजा टाकून घरी आले.

मी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. कॉम्प्युटर मला कामापुरता कळतो, त्यापुढे तो माझं डोकं फिरवतो. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की लिनक्स नावाची फुकटातली सिस्टम घाल, जुन्या मशीनवर पळते. लिनक्स म्हटल्यावर मला काळा पडदा आणि त्यावर किडामुंगी अक्षरं आठवली. तो म्हणाला, नाही गं, साध्या घरगुती माणसांसाठी केलेले प्रकार असतात त्यात, अगदी सोपे. त्याने मला एक पेन ड्राइव्ह तयार करून दिला. त्याची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या आतल्या कशालाही हात न लावता त्या पेन ड्राइव्हवरूनच सगळं चालवून बघता येतं. आवडलं तर मग आत कायमचं बसवायचं. मात्र नुसतं चालवून बघत असाल तर बंद केल्यावर तुम्ही केलेलं काहीही उरत नाही, पाटी कोरी.

पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं. त्याच्या टोकाशी एक निळा दिवा लुकलुकायला लागला आणि थोड्या वेळाने पडद्यावर हिरवट, नीटनेटकं चित्र आलं. त्यावर एक खिडकी उघडली, "स्वागत" म्हणून.

"बघ," आई बाबांना म्हणाली, "या बसा म्हणतोय. त्या जुन्याने कधी विचारलं होतं?"

ब्राउझर उघडला. नवा कोरा. त्या बुधवारी आईने बाईंना फोन लावला आणि तो लागला. बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, ओळखलं असं काही म्हणता आलं नाही, पण हात हलवला. आईने पण हलवला. स्वयंपाकघरात येऊन तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दूध तापायला ठेवलं.

कायमचं बसवून टाकू म्हटलं तर म्हणाली, थांब, चार दिवस वापरून बघते, मग ठरवते. भाजी घेतानासुद्धा ती वळवून वळवून बघते, हे तर अख्खं मशीन. मी तिच्या फोटोंची वेगळी प्रत काढून ठेवली, पेन ड्राइव्ह लावल्याशिवाय हे सुरू होणार नाही हे दहादा बजावलं आणि परत गेले. पुढे एका रविवारी तिने फोन केला. "पसंत आहे. बसवून टाकू."

फोनवरून लिनक्स बसवणं हे काम मी वैऱ्यालाही सांगणार नाही. आई पडद्यासमोर, तिचा फोन बाबांच्या हातात, आणि आमच्या दोघींच्या मधे बाबा.

"काय दिसतंय तिला?"

"एक नकाशा दिसतोय म्हणते. तू कुठे राहतेस विचारतोय."

"मग सांगा की!"

"याला कशाला सांगायचं म्हणते."

असं करत करत नाव झालं, पासवर्ड झाला, मग पट्टी भरत भरत टोकाला गेली. शेवटी बाबांनी आनंदाने ओरडून सांगितलं की पूर्ण झालं असं आलंय, पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा असं लिहिलंय. मी म्हटलं, मग काढा आणि दाबा. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "दाबलं एंटर." थोड्या वेळाने म्हणाली, "आला परत. स्वागत करतोय." माझा जीव भांड्यात पडला. मी फोन ठेवला आणि झोपले.

त्यानंतर दर आठवड्याला मी विचारायचे, कसं चाललंय. ती म्हणायची, छान चाललंय. एकदा म्हणाली, "स्वभावाने चांगला आहे, जरा विसरभोळा आहे एवढंच." मी हसले. मला वाटलं बाबांबद्दल बोलतेय.

पुढे दोन दिवसांची जोडून सुट्टी आली तशी मी घरी गेले. पोचले ते मंगळवारी संध्याकाळी. सकाळी जाग आली ती कीबोर्डच्या आवाजाने. आई लवकर उठून, केस विंचरून, स्वेटर घालून कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी दारात उभी राहून बघत राहिले. तिने भाषा निवडली. मग वाय-फाय शोधून त्याचा लांबलचक पासवर्ड एकेक अक्षर करत घातला, मधे चुकला, पुन्हा घातला. मग अक्षरं मोठी केली. मग हेडफोनचा आवाज. मग माइक. मग बाईंच्या सुनेने दिलेला कॉलचा पत्ता, तोही एकेक अक्षर. हे करताना ती पुटपुटत होती, आणि मला वाटलं ती स्वतःशी बोलतेय. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ती कॉम्प्युटरला सांगत होती. "हे आपलं वाय-फाय. हो, कालच सांगितलं होतं, पण असू दे. आता अक्षरं मोठी कर. मला बारीक दिसत नाही."

सगळं होईस्तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. कॉल लागला तेव्हा बाई खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. सून वाकून पडद्यात आली.

"आजही उशीर झाला हो, मावशी. अंघोळ झाल्या झाल्या सासूबाई अगदी टवटवीत असतात, बोलतात पण. मग थकतात. आत्ता डोळा लागलाय बघा."

"हो गं," आई म्हणाली. "जरा अडकले होते. झोपू दे त्यांना, उठवू नकोस."

आणि ती तशीच, हेडफोन लावून, झोपलेल्या बाईंकडे बघत बसली. माझ्या नाकावर आधीच राग असतो, पण त्या दिवशी तो डोक्यात गेला. सुनेने तिकडून कॉल बंद केल्याबरोबर मी सुरू झाले.

"आई, हे रोज असं करावं लागतं तुला?"

"बंद केलं की विसरतो ना तो. मग सकाळी सांगावं लागतं."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. विसरभोळा आहे म्हटलं होतं."

मी कपाळाला हात लावला. "अगं, एवढं विसरतो म्हटल्यावर वैतागायचं नाही का माणसाने? ओरडायचं नाही का माझ्यावर?"

"वैतागायचं काय त्यात?" आईला खरंच कळलं नव्हतं मी कशाला चिडतेय. "बाई नाही का विसरतात? मी त्यांना दर बुधवारी सांगतेच ना, मी कोण ते. त्यांच्यावर कुठे चिडते मी? हा पण तसाच, म्हटलं. सांगायचं परत."

तेवढ्यात मला तो निळा दिवा दिसला. मशीनच्या पुढच्या बाजूला पेन ड्राइव्ह अजून तसाच खोचलेला होता. लुकलुकत होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने तो कधी काढलाच नव्हता. लिनक्स आत व्यवस्थित बसलं होतं, त्या रविवारपासून तिची वाट बघत होतं. पण मशीन सुरू झालं की आधी पेन ड्राइव्हकडे बघायचं, तिथे त्याला सगळं आयतं मिळायचं आणि आत काय आहे हे विचारायची वेळच यायची नाही. ती इतके आठवडे रोज नव्याने "चालवून बघत" होती.

मी मशीन बंद केलं, पडदा काळा झाला, दिवा विझला. मी पेन ड्राइव्हला हात घातला आणि आईने माझं मनगट पकडलं. म्हातारी बाई, पण पकड अशी की मला दुखलं.

"काढू नकोस! दिवा बघ."

"विझलाय."

"तेच तर म्हणतेय. विझलाय!"

हळूहळू सगळं माझ्या ध्यानात आलं आणि मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. मशीन चालू असताना दिवा लुकलुकायचा, म्हणजे कोणीतरी बोलावतंय. मशीन बंद असताना विझायचा, म्हणजे आत बोलणं चालू आहे. आणि ठाम तो कधी लागतच नव्हता.

"त्या रविवारी मी वाट बघितली गं," आई जरा शरमून म्हणाली. "काढा म्हणत होता, पण लुकलुकत होता. म्हटलं ठाम लागेल, मग काढू. लागलाच नाही. मग नुसतं एंटर दाबलं. माझा हातच जाईना."

बाबा पेपर खाली करून म्हणाले, "अगं, ती फोनची दोरी नाहीये."

"मला कळतं ते," आई म्हणाली. "माझ्या हाताला कळत नाही."

मी हसायची थांबले. त्या हाताकडे बघितलं. हल्ली तो थोडा थरथरतो, चमचा धरताना जास्त. मनात आलं, हा हात आपण ओढून बाजूला केला तर पेन ड्राइव्ह निघेल, पण आईचं काहीतरी मोडेल. मग सुचलं ते विचारलं.

"दिवा ठाम लागत नसेल आणि तुला कळत नसेल बोलणं संपलं की नाही, तर तुम्ही काय करायचा?"

"लाइनवर जाऊन विचारायचो."

"मग विचार."

आईने माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करतेय का म्हणून. मी करत नव्हते. तिने घसा साफ केला. तिच्या कामावरच्या आवाजात, जो मी किती वर्षांत ऐकला नव्हता, थोडासा वरच्या पट्टीतला आणि अतिशय अदबशीर, तिने काळ्या पडद्याला विचारलं, "आपलं बोलणं झालं का?"

"झालं, बाई," मीच मशीनच्या वतीने म्हटलं. "ठेवला फोन."

आणि तिने दोन बोटांनी तो पेन ड्राइव्ह अलगद, सरळ काढला. मी इतक्या सफाईने कधी काही काढलेलं नाही.

मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा पडद्यावर आईचं नाव आलं आणि पासवर्ड विचारला. रविवारचा पासवर्ड तिला पाठ होता. आत सगळं नवं, म्हणून वाय-फाय, अक्षरं, माइक, सुनेचा पत्ता, हे सगळं तिने आणखी एकदा सांगितलं. मग मी तिला मशीन बंद करून परत सुरू करायला लावलं. सगळं जिथल्या तिथे होतं. आईने माऊस हलवून इकडेतिकडे बघितलं, वाय-फायच्या खुणेवर बोट ठेवलं. "लक्षात ठेवलं यानं," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती खूश होईल. झालीही असेल. पण तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा दिसला आणि मी ते थकव्यावर ढकललं.

संध्याकाळी तिने सुनेला फोन करून विचारलं की उद्या सकाळी, अंघोळ झाल्या झाल्या, परत लावू का? सून म्हणाली, लावा की, मावशी.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी लवकर उठली, आवरून खुर्चीत येऊन बसली आणि मशीन सुरू केलं. पासवर्ड घातला. संपलं. करायला काही उरलंच नाही. तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. मी दोघींचा चहा घेऊन आले तर ती नुसती पडद्याकडे बघत होती.

"लाव ना फोन."

"इतक्यात?"

"अगं, त्यासाठीच तर केलं सगळं."

तिने कप घेतला आणि परत ठेवला. "मला भीती वाटतेय गं," ती म्हणाली. "त्या झोपलेल्या असल्या की बरं असतं. म्हणता येतं, जाग्या असत्या तर ओळखलं असतं. आज जाग्या असतील."

एवढे आठवडे ती रोज सकाळी त्या विसरभोळ्या मशीनला इतक्या मायेने का शिकवत बसली, हे मला तेव्हा कळलं. विसरणारे दोघे होते तोवर ते तिला सोसत होतं. आता बाईच उरल्या. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी सवय नाही. मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच उभी राहिले. तिने हेडफोन चढवला, माइक तोंडापाशी आणला आणि फोन लावला.

दोन्हीकडची चित्रं स्थिर झाली. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. ओले केस मागे चापून विंचरलेले, डोळे लख्ख उघडे. किती बारीक झाल्या होत्या. पण बघणं तेच. मी नकळत तोंडातला चहाचा घोट न वाजवता गिळला.

"बाई, मी बोलतेय," आई म्हणाली आणि स्वतःचं नाव सांगितलं. "आपल्या एक्स्चेंजमधली. खिडकीजवळच्या बोर्डावरची."

बाईंनी तिचा चेहरा न्याहाळला. मग हेडफोन. मग पुन्हा चेहरा. पडद्यात मागे उभी असलेली सून काहीतरी सुचवायला पुढे झाली तशी बाईंनी हाताने तिला गप्प केलं.

"नवीन आहेस का?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटून घेतले. झालं. पुसली गेली. इतके बुधवार, इतक्या सकाळी, सगळं वाया. आई आता रडणार आणि मला काही सुचणार नाही, असं मला वाटलं. आई रडली नाही. तिचा आवाज आला, बारीक, एखाद्या मुलीचा असावा तसा.

"हो, बाई. नवीन आहे."

"तरीच." बाई पुढे सरकल्या. आवाज चिरका झाला होता, पण त्यात हुकूम होता. "हेडफोन आधी नीट बसव. कपाळावर नाही, केसांवर. हां. आणि खांदे खाली. गिऱ्हाईक ओरडलं तरी आपला आवाज चढवायचा नाही. त्याला काय माहीत आपण किती जणांचं ऐकतोय."

"हो, बाई."

"हात का थरथरतोय?"

आईने हात पटकन मांडीवर घेतला. "घाबरलेय, बाई."

"सगळ्याच घाबरतात," बाई म्हणाल्या, आणि त्या एवढ्या मऊ बोलू शकतात हे स्टुलावर बसून मला कधीच ऐकू आलं नव्हतं. "आठवडाभरात बसेल हात. चुकलं तर चुकू दे, मी तुझ्या मागेच उभी आहे. कोणी काही बोललं तर मला सांग. आता पुढे बघ. दिवा लागलाय."

"हो, बाई," आई म्हणाली आणि खुर्चीत सरळ होऊन बसली.